वहिनींची घोडी

वहिनींच्या भावाने गाव सोडायचं ठरवलं, तेव्हा शेत बटाईनं देणं अवघड गेलं नाही, घराला कुलूप लावणंही नाही. अडलं ते घोडीपाशी. मुलाकडे बंगलोरला, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला निघालेला माणूस घोडी कुठे नेणार? जवळच्या डबरा गावचा एक बँडवाला तिला वरातींसाठी न्यायला तयार होता. भावाने फोन केला तो बहिणीला विचारायला नव्हे, नुसतं कळवायला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिला माझ्याकडे पाठव." मग फोन ठेवून त्या पुन्हा कणीक मळायला लागल्या. मी नेमकी विरजण मागायला वर गेले होते म्हणून मला हे कळलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ग्वाल्हेरला दौलतगंजात आमचं घर आहे. वरच्या मजल्यावर त्या आणि मोठे भाऊजी, खाली आम्ही. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली आणि त्या भांडण न होता झाल्या, कारण वहिनी मुळात फारसं बोलतच नाहीत. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर रक्ताच्या बाटल्या आणि काचपट्ट्या. आमचं बोलणं व्हायचं ते सणावाराचं, पाण्याच्या मोटरचं, कोणाच्या लग्नाला काय न्यायचं याचं. वीस-बावीस वर्षांत त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही, आणि कधी जवळही घेतलं नाही. मला त्यांचा थोडा धाक होता. आजही आहे म्हणा, पण तो वेगळ्या जातीचा.

आमच्या घराण्यातलं कोणी तरी दक्खनेतून फौजेबरोबर घोड्यावर बसून इथे आलं, असं घरात सांगतात. ग्वाल्हेरच्या निम्म्या मराठा घरांत हे सांगतात. आता माझे यजमान वीज खात्यात आहेत, भाऊजी जमिनीच्या मोजणी खात्यातून रिटायर झाले, आणि घोड्याची खूण म्हणून वरच्या बैठकीत एक जुनं भरतकाम केलेलं खोगीर काचेच्या पेटीत ठेवलं आहे. लग्न होऊन आल्यापासून ती काच वहिनीच पुसत आल्या आहेत.

दौलतगंजात घोडी ठेवणं शक्यच नव्हतं. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. शिवपुरी रस्त्यावर, वस्ती संपते तिथे एक रायडिंग क्लब आहे, ते बाहेरचे घोडेही ठेवून घेतात. घोडी तिथे उतरवायचं ठरलं. भाऊजींचे गुडघे दुखतात, वहिनींना गाडी चालवता येत नाही, आणि स्कूटी माझ्याकडे. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "मला उद्या सकाळी सोडशील का?" त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागण्याची ती पहिली वेळ असावी. मी विचार करायच्या आधीच हो म्हणाले.

ऑक्टोबरचे दिवस होते. ट्रकमधून घोडी उतरायला तयार नव्हती. अंगाचा रंग पिकल्या खजुरासारखा, आयाळ आणि शेपूट काळी, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका. मला तर ती देखणी वाटली. मला घोड्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून वाटली. वहिनी फळीवरून वर चढल्या, तिच्या नाकापुढे तळहात धरला आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. ओढणं नाही, चुचकारणं नाही. थोड्या वेळाने घोडी त्यांच्या मागोमाग स्वतःच खाली आली. मग वहिनींनी पदर कमरेला खोचला, तिच्या पुढच्या पायावरून हात खाली नेत खूर उचलला आणि गुडघ्यावर धरून बघू लागल्या. ज्या हातांना मी पोळ्या लाटताना आणि उदबत्ती लावताना पाहिलं होतं, ते असे वागू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"खूप जाड झालीये," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं ती नुसती खळ्यात उभी होती. भावाची माया म्हणजे रोज गूळ-हरभरे. पोट सुटलं होतं, मानेवर चरबीचा कडक पट्टा आला होता, बरगड्या बोटांनी शोधूनही सापडत नव्हत्या. खूर जुन्या चपलांसारखे फाकले होते. तबेल्यापर्यंतचं अंतर ते किती, तेवढ्यात तिच्या छातीवर घाम आला.

निघताना फाटकावर एक पाटी दिसली. जानेवारीत तिघऱ्याच्या धरणाकाठी पाच दिवसांचं घोडेस्वारीचं शिबिर होतं. स्वतःचा घोडा आणता येईल, मात्र पहिल्या दिवशी डॉक्टर तपासतील आणि दमसास नसलेला किंवा पायात दोष असलेला घोडा परत पाठवला जाईल. वहिनींनी पाटी दोनदा वाचली. स्कूटीवर मागे बसल्यावर, बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, "जानेवारीत मी जाईन."

कुठे, असं विचारायची मला गरज वाटली नाही.

क्लबमध्ये जनावरांची डॉक्टर येते ती भिंडकडची एक तरुण मुलगी आहे. आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणतो, ती वहिनींना माताजी म्हणते. तिने घोडीचे दात पाहिले, छातीला नळी लावून ऐकलं, कडक जमिनीवर हाताने चालवून, दुडकी धाववून पाहिलं. दातांच्या धारदार कडा कानशीने घासून घ्यायला सांगितल्या, नालबंदाला बोलवायला सांगितलं, गूळ बंद, हरभरा बंद, सुका चारा मोजून आणि मीठ चाटायला. पहिला महिना फक्त चालवायचं. दुडकी नाही, धावणं तर नाहीच. जानेवारी म्हटल्यावर तिने जरा तोंड वाकडं केलं. "हो जाएगा," ती म्हणाली, "पर जल्दी मत करना, माताजी."

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. उजाडायच्या आत निघायचं. गोरखीवरून बाड्याच्या चौकात, सराफ्यातली शटरं बंद, रस्ते झाडणाऱ्यांचा आवाज, कुठे तरी पहिला चहा उकळत असायचा. वहिनींनी लग्नानंतर पहिल्यांदाच सलवार-कमीज शिवून घेतला होता. शहर मागे पडेपर्यंत त्या वर मोठी शाल गुंडाळून बसत, आणि शिवपुरी रस्ता लागला की शाल काढून घडी करत. 

आधी नुसतं दोर धरून चालवणं. वहिनी घोडीच्या खांद्याशी, मी मागे थर्मास घेऊन. मैदानाच्या कडेने, मग बाभळीच्या रानातल्या पायवाटेने. आठवडाभराने खोगीर चढलं. सिमेंटच्या एका ठोकळ्यावर उभं राहून वहिनींनी पाय रिकिबीत घातला आणि तशाच थांबल्या. मला वाटलं, घाबरल्या. पण त्या घोडीचा श्वास बघत होत्या. तिने पोट सैल सोडलं तशा त्या वर गेल्या. पंचावन्न वर्षांची बाई, अंगाने भरलेली, जिना चढताना कठड्याला हात धरणारी. वर बसल्याबरोबर त्यांची पाठ अशी सरळ झाली की ही कोणी दुसरीच बाई आहे असं मला वाटलं. हसल्या वगैरे नाहीत. लगाम सारखा करून त्या चालायला लागल्या.

एका सकाळी, तशाच चालता चालता, घोडीच्या कानांकडे बघत त्यांनी मला सांगितलं. लहानपणी गावाकडे त्या रोज बसत. भावापेक्षा चांगल्या बसत, असं लोक म्हणायचे. चौदाव्या वर्षी एकदा फेरी मारून आल्या तर वडील ओसरीवर उभे होते. ते म्हणाले, आता बस झालं. "मी उतरले," वहिनी म्हणाल्या. "रागावले पण नव्हते ते. मला तर वाटलं, आजच्यापुरतं म्हणताहेत."

त्यानंतर चाळीस वर्षं त्या घोड्यावर बसल्या नव्हत्या.

महिना संपत आला तशी घोडी सुधारली. चालताना आता ती आपणहून पुढे निघायची, घामही कमी यायचा. आणि इथे वहिनींचा धीर सुटला. जानेवारी जवळ येत होता. डॉक्टरीणबाईने अजून दुडकीला होकार दिला नव्हता, तरी एका सकाळी रस्त्याच्या कडेला, कडक मुरुमावर, त्यांनी तिला थोडी दुडकी सोडली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. मी काही बोलले नाही, कारण मला त्यात काय बिघडणार हे ठाऊक नव्हतं, आणि वहिनींचा चेहरा त्या दोन दिवसांत फार सुंदर दिसत होता.

तिसऱ्या सकाळी घोडी तबेल्यातून निघाली ती उजवा पुढचा पाय आखूड टाकत. वहिनींनी खाली वाकून उलट्या हाताने पाय चाचपला. मग माझा हात धरून तिथे ठेवला. नडगीमागची नस गरम लागत होती, तापलेल्या पोराच्या कपाळासारखी.

डॉक्टरीणबाई दुपारी येणार होती, वहिनी तिथेच थांबल्या. मी लॅबमधून अर्धी सुट्टी घेऊन परत गेले. नस तुटली नव्हती, नुसती दुखावली होती. गार पाण्याची धार आणि विश्रांती, बरी होईल, असं ती म्हणाली. आम्ही दोघींनी श्वास सोडला. पण ती निघेना. पिशवी बंद करून, परत उघडून, शेवटी वहिनींच्या समोर उभी राहिली.

"माताजी, एक बात कहूँ? घोड़ी तैयार हो जाएगी. पर आपका वज़न उसके लिए ज़्यादा है."

थोडा वेळ, सावकाश चालवत, चालेल, ती म्हणाली. पण पाच दिवस, चढ-उतार, दुडकी, तेवढा भार या पायांवर नको. पाय परत जाईल, आणि मग कायमचा जाईल.

वहिनींनी विचारलं, "किती कमी करायला पाहिजे?"

डॉक्टरीणबाईने एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. तिला खोटं सांगता येत नव्हतं. "जनवरी तक नहीं हो पाएगा," ती म्हणाली.

वहिनींनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस, बेटा." आणि त्या पाण्याची नळी घेऊन पायावर धार धरायला बसल्या. संध्याकाळी आम्ही घरी निघालो. स्कूटीवर मागे त्या बसल्या आहेत हे मला रोज जाणवायचं. त्या दिवशी ते जाणवू नये, असं मला फार वाटत होतं.

पुढचे काही दिवस आम्ही नेहमीसारख्या जात राहिलो. त्या पायावर पाणी सोडायच्या, खरारा करायच्या, तबेल्यात उभ्या उभ्या तिच्याशी हळू आवाजात काही बोलायच्या. शिबिराचं नाव निघालं नाही. मी धरून चालले की ते संपलं.

मग एका संध्याकाळी वहिनी खाली आल्या. त्या सहसा खाली येत नाहीत, मीच वर जाते. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. त्या स्टुलावर बसल्या, जुडी पुढे ओढली आणि पानं खुडायला लागल्या. अर्धी जुडी झाल्यावर म्हणाल्या, "शिबिराला तू जा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "वहिनी, मला घोड्यावर बसता येत नाही."

"येईल."

"मला भीती वाटते."

"वाटू दे. तिला पण वाटते. दोघी सांभाळून राहाल."

मी हसले, त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, मग तुमचं काय? त्यांनी मेथीच्या काड्या एका बाजूला नीट रचल्या.

"मी खूप विचार केला," त्या म्हणाल्या. "मला राग आला होता. तिच्यावर नाही, त्या पोरीवर पण नाही. या शरीरावरच. पण घोडी चांगली आहे गं. तिच्या अंगात आहे ते असंच उभं राहून वाया जायला नको. मी तयार करते तिला. बसायला कोणी हलकं पाहिजे, आणि तू रोज येतेसच."

मी म्हटलं, यांना विचारते. त्या उठत म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात. सांगून दे."

मी सांगून दिलं. यजमानांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं की मोडतोड झाली तर लॅबमध्ये सुट्टी मिळेल का. त्यांना ती थट्टा वाटली होती. पुढच्या आठवड्यात मी लंगडत घरी यायला लागले, तेव्हा त्यांना कळलं की थट्टा नाही.

घोडीला विश्रांती होती तोवर मला क्लबच्या एका म्हाताऱ्या, सोशिक घोड्यावर शिकवलं गेलं. वहिनी मध्ये उभ्या, हातात लांब दोर, आणि मी त्यांच्याभोवती गोल गोल. माझ्या आयुष्यात कोणी मला इतकं रागावलं नसेल. टाच खाली. खांदे मागे. हात शांत. "खाली काय बघतेस? घोडा खाली नाहीये, पुढे आहे." दुडकीत मी पोत्यासारखी आदळायची. दुपारी लॅबमध्ये स्टुलावर बसवत नव्हतं, उभ्यानेच सूक्ष्मदर्शकात डोळा लावायची.

एकदा पडले. घोडा नुसता थांबला आणि मी त्याच्या खांद्यावरून पुढे गेले. वहिनी धावत आल्या नाहीत. जवळ येऊन विचारलं, हात-पाय हलतात का. हलतात म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बस परत. आता नाही बसलीस तर उद्या येणार नाहीस." मी रडत रडत परत बसले. त्या संध्याकाळी त्या कढवलेल्या तेलाची वाटी घेऊन खाली आल्या. मला वाटलं वाटी ठेवून जातील. त्यांनी मला पालथं झोपायला सांगितलं आणि माझ्या पोटऱ्या, मांड्या, कंबर, सगळं चोळून काढलं. माझी आई गेल्यापासून मला असा हात कोणी लावला नव्हता. उशीत तोंड खुपसून होते म्हणून बरं झालं.

डिसेंबरात घोडीचा पाय थंड आणि सपाट झाला. डॉक्टरीणबाईने होकार दिला आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी वहिनींनी तसूभरही घाई केली नाही. रोज निघायच्या आधी उलट्या हाताने चारी पाय चाचपायचे, परत आल्यावर पुन्हा. आधी चाल, मग मऊ मातीवर एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत दुडकी, मग पुन्हा चाल. पुढे क्लबमागच्या टेकडीचा चढ. मी वर बसलेली आणि वहिनी बाजूने पायी. चढावर त्या धापा टाकायच्या पण थांबायच्या नाहीत. फेरी संपली की मी उतरून घोडीच्या जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजायची, ती माझी लॅबची सवय. वहिनी डोळे मिटून तिचा श्वास ऐकायच्या. बहुतेक वेळा आमचं उत्तर एकच यायचं.

आणि घोडी बदलली. मानेवरचा कडक पट्टा वितळला. बोटांना बरगड्या लागायला लागल्या. आधी तिचा घाम पांढऱ्या फेसाचा, चिकट असायचा, आता तो पाण्यासारखा येऊन लगेच वाळायचा. मागच्या पायांवर मांस भरलं. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, वरच्या भोकांत जाऊ लागला. सकाळी तबेल्याशी आमची स्कूटी थांबली की ती आतून आवाज द्यायची.

शेवटची काही मिनिटं वहिनींची असत. घोडीचं अंग निवावं म्हणून तिला सावकाश चालवायचंच असतं, तेव्हा त्या बसत. मी बाजूने चालायची. या वेळात त्या बोलायच्या. गावची विहीर, वडिलांचा आवाज, लग्नात दिलेला निळा शालू, पहिल्या वर्षी ग्वाल्हेरात काही कळायचं नाही ते. एकदा म्हणाल्या, तू या घरात आलीस तेव्हा मला वाटलं होतं, ही नोकरीवाली, माझ्याशी कशाला बोलेल. मी म्हटलं, मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही. घोडीची आयाळ सारखी करत त्या म्हणाल्या, "दोघी येड्याच." घोडी चालत राहिली.

शिबिराला गेलो तेव्हा कडाक्याची थंडी आणि धुकं होतं. तिघऱ्याचं पाणी दिसतच नव्हतं, फक्त बदकांचा आवाज यायचा. इंदूर-भोपाळकडचे बरेच जण आले होते, बहुतेक तरुण, छान बूट घातलेले. आम्ही दोघी आणि आमची एक घोडी, शिवाय मेथीचे पराठे भरलेला डबा. कोणी तरी विचारलंच की दोघींतली स्वार कोण. वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

तपासणीत घोड्याला कडक जमिनीवर हाताने दुडकी धाववून दाखवावं लागतं. मी दोर घ्यायला पुढे झाले तर वहिनी म्हणाल्या, "मी पळते." आणि त्या पळाल्या. स्वेटर, सलवार, कॅनव्हासचे बूट, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांचं पळणं जड होतं, पण सरळ रेषेत होतं, आणि घोडी त्यांच्या खांद्याला खांदा लावून, पाय सारखे टाकत, दोर सैल ठेवून धावत होती. परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. रांगेतले सगळे बघत होते.

डॉक्टरीणबाई आमचीच होती. तिने पाय चाचपले, मला फेऱ्या मारायला लावून घोडीची नाडी पाहिली, पाणी पाजून पुन्हा पाहिली. मग वहिनींना म्हणाली, "माताजी, ये वही घोड़ी है?" उड्या मारायच्या नाहीत, भरधाव सोडायचं नाही, दुपारी आराम, एवढ्या अटींवर तिने आम्हाला पास केलं. वहिनी म्हणाल्या, हेच बरोबर आहे.

पाच दिवसांत मी काही स्वार झाले नाही. पण चौथ्या दिवशी जे झालं ते सांगायला हवं. लांबची फेरी होती, धरणामागच्या टेकड्यांतून. धुकं नुकतंच वर सरकलं होतं. करवंदीच्या जाळीतून अचानक एक नीलगाय उठली आणि वाटेवर आडवी आली. माझ्या पुढचा घोडा बिथरून उधळला, त्यावरचा तरुण खाली पडला. माझी घोडी माझ्याखाली सगळी गोळा झाली. तिच्या छातीची धडधड मला मांड्यांत कळत होती. मला ओरडायचं होतं. पण तेवढे दिवस ऐकलेलं डोक्यात होतं, की आधी स्वतःचा श्वास सोड. मी श्वास सोडला, खोगिरात खोल बसले, हात तसेच ठेवले. घोडी दोन-चार पावलं आडवी सरकली, कान पुढे करून नीलगाय गेली तिकडे बघत राहिली, आणि उभी राहिली. बस, इतकंच. पडलेल्याला लागलं नव्हतं, त्याचा घोडाही पुढे गवतात सापडला.

पण बातमी आमच्या आधी तळावर पोचली होती, आणि अर्धीच पोचली होती, की कोणी तरी पडलंय. वहिनी तंबूंपासून खूप पुढे, वाटेवर येऊन उभ्या होत्या. हातात पाण्याची बादली होती, ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी जवळ आले तशी त्यांनी आधी घोडीचे पाय बघितले, चारही. तंगाखाली हात घातला. मग तो हात माझ्या बुटावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"लागलं नाही ना?"

"मी नाही पडले, वहिनी."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "नव्हतं माहीत."

शेवटच्या दिवशी दुपारी सगळे तंबू आवरत होते, तेव्हा डॉक्टरीणबाईनेच वहिनींना सुचवलं की पाण्याच्या काठाने एक चक्कर मारून या. ऊन पडलं होतं. वहिनी एका दगडावरून चढल्या आणि एकट्या गेल्या. मी बरोबर निघाले तर त्यांनी नको अशी खूण केली. काठाच्या ओल्या मातीवरून घोडी सावकाश चालत होती, वहिनींची पाठ सरळ, हात शांत. दूर एका बाभळीपाशी त्या थांबल्या आणि तिथून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. परत आल्या, उतरल्या, घोडीच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि म्हणाल्या, ट्रकमध्ये खाली गवत जास्त टाकायला सांग, रस्ता खराब आहे.

घरी आल्यावर घोडीला आठवडाभर सुट्टी होती. रविवारी सकाळी आम्ही गेलो, तेव्हा क्लबमागचं कुंपण घातलेलं कुरण रिकामं होतं. वहिनींनी तिच्या तोंडावरची मोरकी काढली आणि फाटक लावून घेतलं. आधी ती जमिनीवर लोळली, चारी पाय आभाळाकडे, उठून धूळ झटकली. मग कोणी न सांगता, शेपूट वर करून, ती कुरणभर सुटली. कडेपर्यंत भरधाव, तिथे वळण, पुन्हा भरधाव. शिबिरात तिला मनाई होती ते सगळं ती करत होती. मी घाबरून म्हटलं, वहिनी, तिचा पाय.

त्यांनी कुंपणावर दोन्ही हात ठेवले होते. "आता पाय नको बघू," त्या म्हणाल्या. "धावू दे तिला."

मग ती दमली आणि चरायला लागली. आम्ही स्कूटी काढली. रविवार होता, लॅब बंद होती. येताना बाड्याजवळ थांबून आम्ही डाळ भरलेली गरम बेढई आणि जलेबी खाल्ली, आणि भाऊजींसाठी, यांच्यासाठी बांधून घेतली.